कोटाची घडी

आमच्या कपाटात एक लोकरीचा कोट आहे. राखाडी रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा. कोल्हापुरात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. डिसेंबरातल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर इथं कुणाला कोट लागत नाही, आणि त्या पहाटांनाही तो घालून रंकाळ्यावर फिरायला गेलं की ओळखीची माणसं थांबून विचारतात, "काय वहिनी, तब्येत बरी न्हाय व्हय?" आमचे हे म्हणतात, देऊन टाक कुणाला तरी. मी देणार नाही. त्या कोटावरचा कर मला परत मिळणार होता आणि तो मी माझ्या तोंडानं घालवला. एवढी महाग पडलेली वस्तू आमच्या घरात कुणी देऊन टाकत नाही.

कराचा परतावा ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हे. माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत मी हिशेब सांभाळायची. आमचे पंपाचे सुटे भाग परदेशी जायचे, आणि माल देशाबाहेर गेला की त्यावर भरलेला कर सरकार परत देतं. देतं म्हणजे, मागत बसलं तर देतं. ते मागत बसणं हेच माझं काम. एक कागद कमी पडला म्हणून परत पाठवलेली प्रकरणं मी इतक्यांदा पुन्हा घातली आहेत की पलीकडचा माणूस कंटाळून सही करायचा. आमचे मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्या बाईंच्या तावडीतनं सरकार सुटत न्हाय." मला ते फार आवडायचं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असं माझ्या पाठीमागं म्हणणारेही होते. तेही मला आवडायचं.

मी निवृत्त झाले त्या वर्षी लेकीनं जर्मनीला बोलावलं. ती तिथं नोकरी करते. फोनवर तिनं सहज सांगितलं, "आई, तू इथं पर्यटक म्हणून येणार. तू खरेदी केलीस आणि वस्तू देशाबाहेर नेलीस, तर तुला त्यातला कर परत मिळतो. मी इथं राहते, मला नाही मिळत." मी ताठ बसले. जन्मभर पंपाचे भाग निर्यात केले, आता मी स्वतःच खरेदीसकट निर्यात होणार होते. तिथलं सरकार माझ्या तावडीतनं कसं सुटतं ते बघायचंच होतं.

आमचे हे थंडीचं नाव काढलं की मफलर शोधतात. ते म्हणाले, "मी न्हाय येत, तुम्ही दोघी जावा." दोघी म्हणजे मी आणि अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. तिला आजऱ्याला दिली होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मेहुणे गेले आणि अक्का पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी आली. मी तेव्हा शाळेत होते. आई दम्यानं अंथरुणाला लागलेली. माझी वेणी, माझा डबा, पुढं माझं कॉलेज, माझं बाळंतपण, सगळं अक्कानं केलं. मी मंगळवार पेठेत घर बांधलं तेव्हा खालची खोली तिच्यासाठी काढली, आणि तिनं त्या खोलीत देवाच्या आधी शिलाई मशीन मांडलं. तेव्हापासून ती साड्यांना फॉल लावते आणि पिको करते.

आमच्या गल्लीतली जवळजवळ प्रत्येक नवी साडी आधी अक्काच्या हातात येते. ती घडी उलगडते, फॉल लावते, काठाला पिको मारते, आणि मग साडी तिच्या मूळ मोडींवर अशी परत बसवते की आत्ता दुकानातनं आणली असं वाटावं. कागदाचं लेबलसुद्धा जिथल्या तिथं. साडी घरी जाते. मग नेसायचा दिवस येतो तेव्हा बाई ती घेऊन शेजारी जाते आणि म्हणते, "वहिनी, एवढी घडी मोडा की." नवं कापड मालकिणीनं पहिल्यांदा अंगाला लावू नये, जिवाभावाच्या बाईकडनं नेसवून घ्यावं, तिचं चांगलं ते आपल्याला लागतं, असा आमच्याकडचा रिवाज. वहिनी नेसतात, हळदीकुंकू होतं, चहा होतो. घडी मोडली.

अक्कानं उलगडलेली घडी कुणी मोजत नाही. ती विधवा आहे म्हणून. असं कुणी बोलून दाखवत नाही, कुणी तिला कधी वावगा शब्द बोललेलं नाही. सगळ्या तिला मानतात, लोणचं घालताना मिठाचा अंदाज तिलाच विचारतात. एवढंच की घडी मोडायला तिला विचारत नाहीत.

मला ह्याचा संताप यायचा. दर दिवाळीला मी माझी नवी साडी घेऊन खालच्या खोलीत जायची आणि म्हणायची, "अक्का, घडी मोड." मशीनवरची मान न उचलता ती म्हणायची, "फॉल लावायचा असंल तर ठेव, न्हायतर ऊठ." एका वर्षी मी फारच हट्ट केला तेव्हा तिनं मशीन थांबवलं. "तुझा संसार हाय, पोर हाय," ती म्हणाली. "मला कशापायी त्यात ओढतीस?" ती रागावली नव्हती, घाबरली होती. तिच्यामुळं माझं काही वाकडं होईल म्हणून. त्या भीतीपुढं माझं शहाणपण काय कामाचं? मी साडी उचलली आणि शेजारच्या वहिनींकडं गेले. तेव्हापासून तिला विचारायचं मी सोडून दिलं, पण विषय माझ्या मनातनं गेला नाही.

जर्मनीला जाताना अक्कानं तिच्या बॅगेत आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि कांदा-लसूण चटणी भरली आणि दोन्हीच्या मधे तिची शिवणाची डबी ठेवली. मी म्हटलं, तिथं काय शिवणार आहेस? "पोरीच्या घरात एक तरी बटन तुटलेलं असंलच की," ती म्हणाली. होतं. एक नाही, बरीच होती.

लेकीच्या गावात एक लांबलचक बाजाराचा रस्ता होता. पहिल्याच रविवारी तिनं आम्हाला तिकडं न्यायचं ठरवलं आणि गेल्यावर कळलं की रविवारी तिथं काहीच उघडं नसतं. अक्का म्हणाली, "आनी ह्यास्नी म्हनं पुढारलेलं." दुसऱ्या दिवशी परत गेलो. लेकीनं मला एका दुकानात नेऊन हा राखाडी कोट अंगावर चढवला. मी आरशात बघितलं आणि किमतीचं लेबल बघितलं, आणि कोट काढून ठेवला. लेक म्हणाली, "कर परत मिळणार आहे, आई." मी परत घातला.

दुकानातल्या मुलीनं माझा पासपोर्ट मागितला, एक फॉर्म भरला आणि नियम सांगितले. लेक एकेक वाक्य मराठीत करून सांगत होती. वस्तू सोबत देशाबाहेर न्यायची. विमानतळावर कस्टमच्या खिडकीत दाखवायची. तिथला माणूस शिक्का मारतो, शिक्का असला तरच पैसे. आणि वस्तू कोरी पाहिजे, लेबल लावलेली, अंगाला न लावलेली. ती मुलगी बोलता बोलता कोटाची घडी घालत होती. आधी बाह्या मागं, मग पातळ पांढरा कागद, मग दुमड, परत कागद, आणि सगळं एका चपट्या खोक्यात. अक्का तिच्या हातांकडं टक लावून बघत होती.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "म्हंजे घ्यायचा, पन घालायचा न्हाय. आनी त्या सायबाला दाखवायचा, ह्येची घडी मोडल्याली न्हाय म्हनून."

"अगदी तेच."

"मग सरळ हाय की," ती म्हणाली. "हे लोक आपल्यागतच हाईत."

त्या दिवसापासून अक्का त्या खोक्याची राखणदार झाली. खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. पुढं थंडी वाढली. लेक म्हणायची, "आई, अगं घरात एवढा कोट असून तू कोल्हापूरचं जाकीट घालून कुडकुडतेस." मी उत्तर द्यायच्या आधी अक्काच म्हणायची, "हात लावायचा न्हाय कुनी. कराचं पैसं हाईत त्यात." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, आणि अक्का तर राखणीला बसलेल्या गड्याच्या थाटात म्हणायची, "मी बघतो कोन घालतंय ते." मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं. आयुष्यभर परतावा ही माझी एकटीची लढाई होती. आता सोबत माणूस होतं.

निघायच्या आदल्या दिवशी लेक कामावर गेली होती. दुपारी आम्ही दोघींनी शेवटचं नदीवर जाऊन यायचं ठरवलं. गावातनं एक नदी जाते आणि अक्काला ती आवडायची. तिथल्या बदकांना ती पंचगंगेच्या घाटावरच्या गोष्टी सांगायची, खरंच सांगायची, मोठ्यानं. एरवी ती लेकीचं जुनं जाकीट घालून बाहेर पडायची. पण ते सकाळी धुतलं होतं आणि वाळलं नव्हतं.

"मी स्वेटरवर येतो," ती म्हणाली. "आजऱ्याची थंडी काढलीया म्या."

खालच्या दारापर्यंत आलो. दार उघडलं आणि वारा आत आला. अक्कानं पदर कानावरनं घट्ट ओढला आणि पाऊल बाहेर टाकलं. दोन पावलं गेली, तिसऱ्याला तिचे दात वाजायला लागले. मी माझं जाकीट काढायला लागले तर तिनं माझा हात धरून ठेवला. "तुला छातीचं दुखनं हाय आईसारखं. घाल ते." आणि पुढं निघाली. हिरव्या काठाची साडी, तपकिरी स्वेटर, पायांत मोजे आणि लेकीचे बूट. तिच्या पाठीकडं बघताना मला एकदम असह्य झालं. वर खोक्यात कागदात गुंडाळलेला कोट, आणि खाली माझी बहीण कुडकुडत चाललेली. कशासाठी, तर मला परतावा मिळावा म्हणून.

मी तिला दारात ओढून घेतलं, थांब म्हटलं, जिना चढले आणि खोकं घेऊन खाली आले.

खोकं बघून अक्का मागं सरली. "काय करतीस?"

"घाल हा."

"पैसं जातील."

"जाऊ देत."

"तू आनी जाऊ देत म्हनतीस?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग तिच्या लक्षात आलं की प्रश्न एकट्या पैशांचा नाही. तिचा चेहरा बदलला. "कोरा हाय तो. तुजा हाय. मला नगं सांगूस."

"अक्का, मालकिणीनं स्वतः घडी मोडायची नसते, हे तूच मला शिकवलंस. मग ह्या गावात मी कुणाला बोलावू? शेजारच्या वहिनी आहेत का इथं? ह्या अख्ख्या देशात पोरीनंतर माझं माणूस तू एकटी."

तिनं खोक्याकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "कोटाला कुठं घडी असती. कोट टांगत्यात."

"मग तुला कसली भीती?"

मी कागद काढले, कोट झटकला आणि तिच्या पाठीमागं धरला. लहान पोरानं अंगडं घालून घ्यावं तसे तिनं एकेक करून हात मागं केले. मी समोर येऊन बटणं लावली. किमतीचं लेबल तोडायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि ते कोटाच्या आत सारलं. मग मी तिला खाली वाकून नमस्कार केला. घडी मोडणाऱ्या बाईला आमच्याकडं करतात तसा. कुंकू नव्हतं जवळ, आणि असतं तरी तिनं लावून घेतलं नसतं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

नदीपर्यंत ती फार सरळ चालली. खिशात हात घालीना, खिसे पसरतील म्हणून. वाटेत एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं रूप दिसलं आणि ती थांबली.

"कोन गं ही बाई?" ती म्हणाली.

"फौंड्रीची मालकीण," मी म्हटलं.

"तशीच दिसतीया." ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. नदीवर बाकावर एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन बसली होती. तिनं अक्काकडं बघून स्वतःच्या गळपट्टीला हात लावला आणि मान हलवून हसली, कोट छान आहे अशा अर्थानं. अक्कानं तिला कोल्हापुरीत सांगितलं, "नवा हाय." आणि मग माझ्याकडं वळून, जरा चाचरत, "आजच घडी मोडली."

मी नदीकडं बघायला लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वाऱ्यानं आलं असं सांगायची सोय होती.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि अक्का कोट घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. सकाळी बॅगा भरताना तिनं खोकं माझ्यापुढं ठेवलं. मी उघडलं. बाह्या मागं, पातळ कागद, दुमड, परत कागद. लेबल वरच्या बटणाला, दुकानात होतं तसं सरळ. तळाला पडलेली एक सुरकुती तिनं पाण्याचा हात फिरवून, गादीखाली दाबून घालवली होती. त्या दुकानातल्या मुलीलासुद्धा कळलं नसतं.

"कुनाच्या बापाला कळायचं न्हाय," अक्का म्हणाली.

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. आदल्या दिवशीची ती जाऊ देत म्हणणारी बाई कुठं गेली कुणास ठाऊक. माझ्यातली हिशेबनीस उठून बसली. कोटही घातला आणि करही परत. अक्काला मी विमानतळाच्या वाटेवर इंग्रजीतला एक शब्द शिकवला, न्यू. कुणी काही विचारलं तर तेवढं म्हणायचं. लेक हसत होती. तिचा हात हातात घेऊन अक्का रेल्वेत तो शब्द घोकत होती.

लेकीनं आम्हाला आतपर्यंत सोडलं, गळ्यात पडून रडली आणि गेली. कस्टमच्या खिडकीशी रांग होती. आमची पाळी आली. खिडकीमागं चष्मा लावलेला, पोक्त, शांत माणूस होता. त्यानं फॉर्म बघितला, पासपोर्ट बघितला, खोकं उघडायला सांगितलं. मी उघडलं. त्यानं वरचा कागद उचलला, लेबल बघितलं, मान हलवली. शिक्का त्याच्या उजव्या हाताशी होता आणि हात तिकडं निघाला होता. जाता जाता त्यानं इंग्रजीत विचारलं, सवयीनं, माझ्याकडं न बघता, "कोरा आहे ना? कुणी घातलेला नाही?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का पुढं झाली. तिला प्रश्न समजला नव्हता, पण वेळ ओळखली होती.

"न्यू," ती म्हणाली. आणि एक शब्द कमी पडेल असं वाटून पुढं मराठीतच, अगदी हसतमुखानं, "न्यू हाय, सायेब. कुनी घातल्याला न्हाय. कुनी बी न्हाय."

त्या माणसाला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. इतक्या सहज म्हणाली ती ते. कुनी बी न्हाय. माझ्यासाठी आयुष्यात एकदा तिनं घडी मोडली, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या हातानं पुसून, कागदात गुंडाळून, हसत सांगत होती की कुणीच मोडली नाही. वाईटही वाटत नव्हतं तिला. इतक्या वर्षांची सवय. पेठेतली प्रत्येक घडी तिनं अशीच उलगडून परत बसवली होती, कुणीच उलगडली नाही अशी. आणि आता ह्या कोटाच्या बाबतीत त्या 'कुनी बी न्हाय'खाली मीही सही करणार होते, थोड्या पैशांसाठी.

माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक कुणी करू नये. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती, घरनं निघताना मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातनं निघालं ते वेगळंच. "घातलेला आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "काल. माझ्या बहिणीनं. आमच्याकडं नवं कापड आधी जवळच्या माणसाला घालायला देतात, मगच ते आपलं होतं. हिनं घातला." आणि मी अक्काकडं बोट केलं.

त्याचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा नीट आमच्याकडं बघितलं, आधी माझ्याकडं, मग बराच वेळ अक्काकडं. अक्का त्याच्याकडं बघून हसत होती आणि मान हलवत होती. न्यू. तो म्हणाला की घातलेला असेल तर त्याला शिक्का मारता येत नाही, त्याला वाईट वाटतं. त्यानं फॉर्म तसाच माझ्याकडं सरकवला. मग कोट खोक्यात घालायला लागला आणि कागद चुरगळला. अक्कानं त्याचा हात बाजूला केला, मोठ्या बहिणीच्या हक्कानं, आणि सगळं नीट परत बसवलं. त्यानं हात मागं घेतले आणि ती काय करते ते बघत उभा राहिला.

खिडकीपासून दूर आल्यावर तिनं विचारलं, "झालं? पैसं कुठं घ्यायचं?"

"मिळणार नाहीत."

"का? म्या तर बराबर सांगितलं."

"मी त्याला खरं सांगितलं. माझ्या बहिणीनं घडी मोडली म्हणून."

अक्का मधेच थांबली. मागनं येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. तिनं माझ्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काही तरी म्हणेल.

"येडी ती येडीच," ती म्हणाली. "एवढी रात घालवून म्या सुरकुती काढली." आणि पुढं चालायला लागली.

विमानात बसेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. विमान वर गेलं, गारवा वाढला, तेव्हा तिनं खोकं मागितलं. कोट काढला आणि स्वतःच्या अंगावर घातला, ह्या वेळी मी आग्रह न करता. "आता काय," ती म्हणाली, "वापरल्यालाच हाय." दोन्ही हात खिशांत घालून ती झोपली ती मुंबईपर्यंत.

कोल्हापुरात आल्यावर सुरुवातीचे महिने अक्का माझ्यावर बारीक नजर ठेवून होती. मला शिंक आली की तिची मान वर व्हायची. ह्यांचा गुडघा दुखला तर विचारायची, कधीपासनं? आम्ही आल्यापासनं? मी सांगायची, तुझ्या जन्माआधीपासनं. लेकीचा फोन यायला उशीर झाला की मशीन थांबायचं. ती कशाची वाट बघत होती ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघी त्यावर बोलत नव्हतो. पण काही वाईट आलंच नाही. नेहमीची किरकोळ दुखणी, नेहमीची पाणीकपात, नेहमीची भांडणं. लेकीला बढती मिळाली. ती तिच्या कष्टानं मिळाली, पण अक्कानं त्या दिवशी खालच्या खोलीत शिरा केला आणि कारण सांगितलं नाही.

आणि मग तिची तक्रार सुरू झाली. फॉल लावायला आलेल्या प्रत्येक बाईला ती माझं गाऱ्हाणं सांगायला लागली. "शिकली सवरली, हिशेब करन्यात जल्म गेला, आनी त्या सायबाफुडं जाऊन काय सांगितलं? तर म्हनं, बहिणीनं घडी मोडली. गेलं की समदं पैसं." बाई विचारायची, कुणी मोडली? "म्या," अक्का सांगायची. "तर. हिच्या कोटाची घडी म्या मोडली." मग परत माझ्या मूर्खपणाकडं वळायची. जिन्यात उभी राहून मी कितीदा तरी ऐकलं ते. बुडालेली रक्कम दर वेळी वाढत गेली. कोटाच्या किमतीच्या पुढं गेली तरी मी दुरुस्त केली नाही. मला हिशेबातली चूक सहन होत नाही, पण ही होते.

एकदा शेजारच्या वहिनी सगळं ऐकून म्हणाल्या, "अक्का, एवढी महागाची घडी आमच्या पेठेत कुनी मोडली नसंल बघा."

"न्हाय तर काय," अक्का म्हणाली.

त्या दिवाळीला मी साडी घेतली. चिंतामणी रंगाची, बारीक काठाची. खाली गेले. अक्का मशीनवर होती, कुणाच्या तरी साडीला पिको मारत होती. मी साडी तिच्या बाजूच्या पाटावर ठेवली. इतक्या वर्षांनंतर विचारायचं कसं, हे जिना उतरताना ठरवलं होतं, आणि ऐन वेळी शब्द सापडेनात. तिनं मान उचलली नाही. सुई चालत होती.

"फॉलला आनलीस, का घडी मोडायला?" तिनं विचारलं.

"दोन्हीला," मी म्हटलं.

ती काठाच्या टोकापर्यंत गेली, दोरा तोडला, मशीन थांबवलं. साडी उचलून हातात तोलली.

"मग वर जाऊन च्या टाक," ती म्हणाली. "मी येतो नेसून."